तुझ्या ‘हो’ला वजन नव्हतं

हॅलो? … हो, सायकल दुरुस्तीच. बोला. … जरा मोठ्यानं बोला, इथे हवेचं मशीन चालू आहे… कोण? … ठोंब्याची आई? हो, मीच, पण…

थांब. थांब हं, मशीन बंद करते.

हां. … बाळ, तूच ना? … अगं, ओळखणार नाही का? माझ्या लेकाला ठोंब्या म्हणणाऱ्या जगात दोघीच. एक मी आणि एक तू. … रडू नकोस गं. आधी श्वास घे. … घे. … कशी आहेस?

कोर्टातून जे नेलं ते थेट मामाकडे? आणि अजून तिथेच? … काल? काल अठरा पूर्ण झाली? अगं मग शुभेच्छा तरी घे माझ्या. शंभर वर्षं जग.

काय? … तो कुठे आहे म्हणजे? … सुटला? कोण म्हणालं सुटला? … मामा. … लांब नोकरी लागली… आणि तुला विसरला. असं सांगितलं तुला.

अगं आई गं.

बसली आहेस का? … उभी नको राहूस, बस कुठेतरी. … मीही बसते, स्टुलावरचं चाक खाली ठेवू दे… हां. ऐक. तो तुरुंगात आहे, बाळ. तेव्हापासून. … हो. शिक्षा झाली. … दहा वर्षं.

हॅलो? … आहेस ना? … बोलू नकोस, नुसतं हुं कर. … हां.

तू सांगितलंस, मला माहीत नाही का? मी होते ना तिथे! साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून सांगितलंस, ‘मी माझ्या मनानं गेले. बसची तिकिटंसुद्धा मीच काढली.’ एक शब्द गिळला नाहीस. … नाही, नाही, ऐक ना. न्यायाधीशांनी ऐकलं. निकाल वाचताना म्हणाले, मुलगी खरं बोलते यात शंका नाही. पण अठराच्या आत तू हो म्हण नाहीतर नाही म्हण, कायद्याच्या तराजूत त्याला वजनच नाही. तो नुकता अठरा ओलांडलेला, तू सोळा. पळून माझ्या बहिणीकडे जाऊन नवरा-बायकोसारखे राहिलात. झाला गुन्हा. आणि दहाच्या खाली उतरायला पायरीच ठेवलेली नाही म्हणे. … कमी करायची त्यांचीसुद्धा इच्छा असावी, चष्मा काढून नुसते कागदाकडे बघत बसले होते. पण हात बांधलेले.

नाही गं, कायदा वाईट कसा म्हणू? लहान पोरींना ओरबाडणारे लांडगे असतातच की. त्यांच्यासाठी हवाच तो. पण लांडग्याला आणि माझ्या ठोंब्याला एकच फूटपट्टी…

थांब हं. — दादा, पंक्चर काढून ठेवलंय, पण आत काच होती, टायर बघावा लागेल. संध्याकाळी या. — … हां, बोल.

तुझ्यामुळे? ए, असं पुन्हा म्हणायचं नाही. अजिबात नाही. तुझ्यामुळे कसं? मग माझ्यामुळेही म्हण, मी त्याला मावशीकडे जायची वाट दाखवून ठेवली होती लहानपणापासून. आणि गणिताच्या मास्तरांमुळे म्हण. त्यांनी नापास केला नसता तर हा तुझ्या वर्गात आलाच नसता. … हसलीस? हस, हस. अगं, त्या दिवशी मी त्याच्यामागे झाडू घेऊन धावले होते. आणि हा आपला खुशीत. मला कळेना, नापास होऊन कुणी शीळ घालतं का?

कसा आहे? … बरा आहे. मिशी आली, शोभत नाही. आवाज घोगरा झालाय. आत सुतारकाम शिकतोय. आणि ऐक, बारावी पास झाला! हो, आतून परीक्षा दिली. मी म्हटलं, शहाण्या, बाहेर पुस्तक उघडायला तुझ्या हाताला काटे टोचायचे, आणि आता बरा पास झालास. … हो ना. हसला. मग मी बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले, ते सोड.

रागावलाय? तुझ्यावर? … बाळ, पहिल्याच भेटीत, काचेपलीकडून, काय विचारलं माहितेय? स्वतःचं काही नाही. म्हणाला, ‘आई, तिला घरी मारलं नसेल ना?’ … मी काय सांगणार? नाही म्हणाले. खोटंच. मला कुठे ठाऊक होतं?

… मारलं?

… हं.

… आता नाही ना मारत? … नक्की? … बरं.

ऐक, आता शांतपणे ऐक. वरच्या कोर्टात अपील आहे, पुढच्या महिन्यात सुनावणी. वकीलबाई चांगल्या आहेत. म्हणत होत्या, मुलगी आता सज्ञान होईल, तिनं येऊन सांगितलं तर न्यायाधीशांना विचार करायला काहीतरी मिळेल. … नाही, खात्री नाही देत त्या. मीही नाही देणार. खालच्यांचे हात बांधलेले असले तरी वरचं कोर्ट कधी कधी वाट काढतं म्हणे; काढेल, नाहीतर नाहीही काढणार.

थांब, थांब, लगेच येते म्हणू नकोस! … अगं ऐक ना माझं. तू माझं काही देणं लागत नाहीस. त्याचंही नाही. तू येऊन खरं सांगितलंस म्हणजे आमच्या घरची सून झालीस, असं होत नाही. तुला शिकायचंय, शीक. उद्या दुसरं कुणी आवडलं तर खुशाल आवडू दे. ओझं म्हणून येणार असशील तर येऊच नकोस. … मी काय, मी लढेन. पंक्चर काढून काढून माझा धीर चिवट झालाय.

… तुला यायचंय.

… स्वतःला यायचंय. बरं. पुन्हा एकदा सांग. … नाही, ऐकू आलं मला. पण या वेळी मोजलं जाईल ना, म्हणून पुन्हा सांग.

… हां.

पण एकटी कशी निघणार तू? बाबांनीच तर तक्रार केली होती, ते… … कोण? … तुझी आई? तिथे? तुझ्याजवळ बसली आहे? … कधीपासून? … सगळं ऐकलं?

दे. दे तिला.

हॅलो… ताई? … नमस्कार. … ताई?

… असू दे. असू दे हो. … नका बोलू. मी आहे. फोन धरून बसते.

…

नाही ताई, माफी कसली? तुम्ही आई, मीही आई. तुमचीही पोर दोन वर्षं बंदच होती की. माझ्याला भेटीचा दिवस तरी आहे. … हो. … हो, खूप धीट आहे. तुमच्यावरच गेली असणार. … बरं, नसेल तर आता तुम्ही तिच्यावर जा.

काय म्हणालात? … तुम्हीही येणार? … घरी काय सांगाल? … खरंच सांगणार? … ताई, नीट विचार करा. … केलाय.

मग या. दोघी या. वकीलबाईंचा नंबर पाठवते. आणि कोर्टात माझ्याच बाकावर बसायचं, हं. … नाही, गर्दी असली तरी. मी लवकर येऊन जागा धरते.

हो. … आधी तिला जेवायला घाला. … तुम्हीही जेवा. … हो, ठेवा आता. … नाही, तुम्ही ठेवा आधी. … ठेववत नाही?

बरं. मी ठेवते.