दोन, आठ, नऊ

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे ज्येष्ठ मार्गदर्शक आदरणीय गेणबाअण्णा मांडेकर. व्यासपीठावरील मुख्याध्यापिका बाई आणि ग्रामपंचायतीचे सन्माननीय सदस्य. ज्यांच्यासाठी आपण सगळे हातातली कामं टाकून जमलो आहोत ते आमचे शेखर ओव्हाळ सर आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या रत्नावहिनी. सतरंजीवर बसलेल्या चांद्याच्या माता-भगिनी, ग्रामस्थ मंडळी, माझे सहकारी, आणि मागच्या खिडकीपाशी आत्तापासूनच चुळबुळ करणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

मी ज्ञानदेव रानवडे. या शाळेत मराठी शिकवतो, हे वेगळं सांगायला नको, कारण इथल्या निम्म्या लोकांनी ऱ्हस्व-दीर्घापायी माझी बोलणी खाल्लेली आहेत. अण्णांनी मला बजावून ठेवलंय, मास्तर, थोडक्यात आटपा. अण्णा, थोडक्यात आटपायला मी काही विज्ञानाचा शिक्षक नाही. तरी प्रयत्न करतो.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'निरोपाचं मनोगत' असं छापलंय. खरं सांगू का? हे भाषण मी निरोप द्यायला मागून घेतलंच नव्हतं. सरांना अडवायला घेतलं होतं. सर निवृत्त होताहेत, त्याला कुणाचा इलाज नाही. पण सर आणि वहिनी चांदे सोडून लेकीकडे लातूरला निघालेत, ते मला मान्य नव्हतं. समोर पहिल्याच रांगेत गोजराबाई बसल्यात. त्यांच्या वरच्या मजल्यावर सर आजवर राहिले. त्यांनी तर मला फर्मानच सोडलं होतं: "मास्तर, तुमाला बोलाया येतंय. भर सभेत शब्द टाका. चार मान्सांत त्यास्नी न्हाई म्हनता यायचं न्हाई." व्हय की नाही हो गोजराबाई? बघा, मान हलवताहेत.

आता मी टाकणार होतो तो शब्द का टाकत नाही, ते सांगतो. त्यासाठी मला थोडं विज्ञानात शिरावं लागेल. मुलांनो, हसू नका. नववीच्या दोन तुकड्यांमध्ये आपल्याकडे पत्र्याची भिंत आहे. अलीकडे माझी कविता, पलीकडे सरांचा अणू. माझ्या कविता किती जणांच्या लक्षात राहिल्या देव जाणे, पण त्या पत्र्यातून मी मात्र अख्खं विज्ञान शिकलो. त्यांच्या पुस्तकातला 'इलेक्ट्रॉन संरूपण' हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा मी मधल्या सुट्टीत सरांशी भांडलो होतो. म्हटलं, अहो, हा काय शब्द झाला? पोरांच्या दातात अडकेल! सर म्हणाले, "म्हणून तर मी 'खोल्या' म्हणतो."

आणि खरंच ते खोल्याच शिकवायचे. आयटीवाली पोरं राहायला यायला लागल्यापासून आपल्या गावात दर दुसऱ्या घरावर मजला चढलाय, शेजारच्या मारुंजीची तर गोष्टच सोडा. सर म्हणायचे, "मधोमध केंद्रक. तो घरमालक. भोवती इलेक्ट्रॉन, ते भाडेकरू. पहिल्या मजल्यावर दोघांचीच सोय. दुसऱ्यावर आठ जणांची. तिसऱ्यावर अठरा जणांची. एका खोलीत दोघांच्या वर कुणी नाही. आणि एका रांगेतल्या खोल्या मोकळ्या असतील तोवर जो तो आपापली वेगळी खोली धरतो, जोडीला जात नाही." आपल्या पोरांना हे लगेच कळायचं. घरी तेच बघतात ना! कार्बन, ऑक्सिजन, सोडियम, सगळे आपापल्या खोल्यांत बिनतक्रार जाऊन बसायचे. अठरा इलेक्ट्रॉनचा आर्गॉन आला की दोन, आठ, आठ. इथवर सगळा आनंद.

मग यायचा पोटॅशियम. भाडेकरू एकोणीस. "सांगा, कसे बसतील?" आणि सगळा वर्ग एका सुरात, पत्रा थरथरेल असा ओरडायचा: "दोन, आठ, नऊ!"

सर म्हणायचे, "चूक. दोन, आठ, आठ, एक."

बाहेरगावची पोरं हे पाठ करतात आणि मोकळी होतात. पण आपली पोरं पडली घरमालकांची! तिसऱ्या मजल्यावर दहा जागा रिकाम्या असताना एकोणिसावा चौथ्यावर जाऊन राहतो, हे त्यांना सहनच व्हायचं नाही. असला भाडेकरू आमच्या गावात अजून जन्माला यायचाय, असं एकानं सरांना तोंडावर सांगितलं होतं. परीक्षेत पुन्हा तेच, दोन, आठ, नऊ. या नऊने सरांच्या नाकी नऊ आणले. मात्र सरांनी त्या उत्तरावर कधी फुली मारली नाही. नऊभोवती लाल पेनानं गोल काढायचे आणि शेजारी लिहायचे, 'घरमालकाचं उत्तर'. गुण मात्र शून्य.

हे उत्तर सगळ्यात हट्टानं कुणी लिहिलं असेल, तर सरांच्या स्वतःच्या मुलानं. आपल्या साहिलनं. बापानंच शिकवलेलं, बापानंच तपासलेलं, आणि तरी शून्य! घरी गेल्यावर तो तडक जिना उतरून गोजराबाईंकडे गेला. "आजी, खाली खोली रिकामी असली तर भाडेकरू वर जाईल का?" गोजराबाई म्हणाल्या, "जाईल की, यडा आसंल तर!" साहिल वर बघून ओरडला, "बाबा, ऐकलंत? तुमचा पोटॅशियम येडा आहे!" त्या दिवशी सर इतके हसले होते की दुसऱ्या दिवशी शाळेत आल्यावर मला सांगतानाही त्यांना धड बोलता येईना.

पुढे साहिल इंजिनिअर झाला. बंगळूरला चांगली नोकरी लागत होती. मीच त्याला म्हटलं, जा रे, जग बघ. तो म्हणाला, "सर, खालची खोली रिकामी असताना वर कशाला जाऊ?" आणि इथंच हिंजवडीत लागला. सकाळी आईच्या हातचा डबा घ्यायचा, गाडीला किक मारायची, की पोचला. वहिनींना केवढं सुख होतं त्याचं.

त्यापुढचं मी बोलणार नव्हतो. पण न बोलता पुढे जाता येत नाही. दोन वर्षांपूर्वी वैशाखात, त्याच रस्त्यावर, काँक्रीटच्या मिक्सरखाली त्याची गाडी आली. तुम्ही सगळे होतात. नदीकाठी उभं राहायला जागा नव्हती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच्यासाठी वंदना म्हणायला या पटांगणात अख्खं चांदे होतं.

बोल तरी कुणाला लावायचा? माझ्या घराचा वरचा मजला त्याच गाड्यांमधून ओतला गेला. गोजराबाईंचाही. सरांच्या खोलीची खिडकी रस्त्यावर. दिवसभर मिक्सर जातात. त्यांच्या पाठीवरचा तो पिंप गरगर फिरत येतो, आणि तो आवाज कोपऱ्यावर आला की वहिनी हातातलं काम टाकून उभ्या राहतात. स्वयंपाक करत असल्या तरी, कुणाशी बोलत असल्या तरी. गाडी पुढे जाईपर्यंत तशाच. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

सर मात्र शाळेत आले. एक दिवसही जास्त रजा घेतली नाही. आणि त्याच वर्षी नववीला तो धडा आला. मी अलीकडे समास शिकवत होतो. पलीकडून आवाज आला, दोन, आठ, नऊ. मग सरांचं ठरलेलं "चूक". आणि मग सोनू, ती मागे बसलीय बघा, तिनं सरळ मनानं विचारलं, "सर, पण आत जागा होती ना? मग तो बाहेर का गेला?"

मी खडू खाली ठेवून पत्र्याजवळ सरकलो. सर म्हणाले, "जागा असते गं बाळा. पण नुसती जागा असून भागत नाही. त्या रिकाम्या खोलीत राहायला जास्त ऊर्जा लागते. पोटॅशियमजवळ तेवढी नसते. म्हणून तो लांब जातो. त्याला त्यातल्या त्यात तिथं सोपं पडतं." सोनूनं ते वहीत उतरवून घेतलं. मला वाटलं, सर पोटॅशियमबद्दलच बोलताहेत. मराठीच्या मास्तरला एवढंही कळू नये!

लातूरचं कळल्यावर मी त्यांच्या घरी जाऊन गळ घातली. म्हटलं, रस्त्याची खोली नको ना? मागच्या आळीला बघू. भुकूमला माझे पाहुणे आहेत, तिकडे बघू. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, कुठं बघाल? बांधकाम सगळीकडेच चालू आहे." मग म्हणाल्या, "मला इथं राहवत नाही, आणि इथून निघवतही नाही. निघाले तर लेकराला इथं एकटं टाकून आल्यासारखं होईल. तिकडं लातूरला त्याला कोण ओळखतं? आणि आम्ही गेल्यावर इथं तरी त्याचं नाव कोण काढणार?"

वहिनी, मी माणसांना बोलून गप्प करणारा माणूस. त्या दिवशी मात्र चहा तसाच ठेवून उठलो.

मागच्या आठवड्यात शिक्षक खोलीत आम्ही दोघंच होतो. मी सहज म्हणून विचारलं, "सर, तुमच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोल्या कायमच्या तशाच राहतात का हो?" सर म्हणाले, "नाही. पोटॅशियमनंतर कॅल्शियम. त्याचा विसावाही बाहेरच जातो. बाहेर दोघं होतात. मग येतो एकविसावा, तो मात्र आतल्या रिकाम्या खोलीत राहतो." मी म्हटलं, लिहून दाखवा, माझ्या डोक्यात शिरत नाही. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर त्या पुढच्या मूलद्रव्याचं, स्कँडियमचं, उत्तर लिहिलं.

दोन, आठ, नऊ, दोन.

लिहिलं आणि हात तिथंच थांबला. सर त्या नऊकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "रानवडे सर, पोरगं चुकलं नव्हतं हो. तक्त्यात दोन घरं आधी बोललं. सगळ्यातच घाई केली त्यानं." आणि खाली बसले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही दोघं पुरुष माणसं, वयानं एवढी वाढलेली, पण रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

आता सर मला सुनावतील की इलेक्ट्रॉन म्हणजे माणूस नव्हे आणि अणू म्हणजे चांदे नव्हे. इलेक्ट्रॉनला नाव नसतं, हा कुठला आणि तो कुठला हे ओळखता येत नाही, हेही त्यांनीच पत्र्यापलीकडून सांगितलंय. मान्य. आमच्या साहिलला मात्र नाव होतं, आणि गावातल्या प्रत्येक दाराला ते माहीत आहे.

म्हणून सर, मी तुम्हाला अडवत नाही. गोजराबाई, मला माफ करा, तुमचं काम माझ्याकडून झालं नाही. परवा हेच सांगायला मी त्यांच्याकडे गेलो होतो. वाटलं, चांगल्याच झापतील. त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "जाऊ द्या मंग त्यास्नी. त्या माउलीचं हाल मला बी बघवत न्हाईत. पर तिला सांगा, पोरगं हितलं हाय. ह्याच जिन्यात धडपडलं, हितंच शिकलं. त्याचं आमी हाय की. ती वरची खोली मी कुनाला देत न्हाई. दर वैशाखात तुमी दोगं यायचं, आन् हितंच उतरायचं."

चांद्यात खोली रिकामी ठेवणारी घरमालकीण! मंडळी, हे आपल्या गावात आजवर कुणी ऐकलं होतं का?

वहिनी, तुम्ही मला विचारलं होतं, त्याचं नाव कोण काढणार. पुढच्या वर्षी नव्या विज्ञानाच्या बाई येतील. नववीला पोटॅशियमचा धडा येईल आणि पोरं नेहमीसारखी पत्रा हलवून ओरडतील, दोन, आठ, नऊ. बाई म्हणतील, चूक. तेव्हा मी माझा तास सोडून पलीकडे जाईन, आणि हे उत्तर साहिल ओव्हाळ नावाच्या मुलानं किती हट्टानं दिलं होतं आणि पुढं ते कुठं खरं ठरलं, ते पोरांना सांगेन. मी निवृत्त झालो की सोनू सांगेल. काय गं, सांगशील ना? हं, मान नुसती हलवू नकोस, तोंडानं बोल. बोलली, ऐकलंत ना वहिनी?

तुम्ही दोघं निश्चिंत मनानं लातूरला जा. बाहेर तुम्ही दोन. आत साहिल धरून नऊ आहेत, एकही कमी नाही.

अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे बघायचं केव्हाच सोडून दिलंय, त्याबद्दल त्यांचे आभार. तुम्ही सगळ्यांनी एवढं शांतपणे ऐकून घेतलंत, तुमचेही आभार मानतो. बोलण्याच्या भरात काही कमी-जास्त झालं असेल, विज्ञान चुकलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

आणि सर, माझ्या बाकीच्या सगळ्या चुका दाखवा. त्या नऊला मात्र आता लाल गोल करू नका.