पुदिन्याच्या तेलाची पावडर

अरे, नव्वद साली लखनौच्या प्रयोगशाळेत माझा जीव कसा टांगणीला लागला होता, सांगतो. पुदिन्याच्या तेलाची पावडर करत होतो. डिंकाच्या पाण्यात तेल घोटून गरम हवेत फवारलं, की थेंबाथेंबावर डिंकाचं कवच बसतं आणि तेल वासासकट आत बंद होतं, पाण्यात पडेपर्यंत. काम चालू ठेवायचं की बंद, हे ठरवायला दिल्लीचे साहेब आले.

दारातच म्हणाले, "वाह, क्या खुशबू है!"

वास बाहेर दरवळतोय म्हणजे तेल कवचात राहिलंच नाही की काय! शेजारी उभे असलेले माझे सहकारी मिश्राजी पुटपुटले, "भैया, तेल तो सब हवा में उड़ गया."

साहेबांनी पावडर हुंगली. "इसमें तो कुछ नहीं है!"

मी ती कोमट पाण्यात विरघळवून दिली. घोट घेताच साहेबांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"अरे, पूरा खेत पिला दिया!"

तेल पावडरीतच होतं, काम वाचलं; मी स्टूल ओढून निवांत बसलो.