चौथी फळी

डोळ्यांच्या दवाखान्यात म्हातारे शिंपीबुवा नंबरची वाट बघत बसले होते. मागच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या. दुसऱ्यांचं ऐकू नये, हे बुवांना ठाऊक होतं. पण कानांना कुठे कवाडं असतात!

"वहिनी, चुलतभावाने माझा रंधा नेला, तेव्हा पातं आरशासारखं होतं. परत आला तो खाच घेऊन."

"काय म्हणाला?"

"म्हणे, खाच आधीचीच. सुतारकी बाईच्या हाती गेली की हत्यारांचे असेच हाल."

"अगं बाई! मग भांडलीस?"

"छे! सरळ काकूंकडे गेले. त्याच रंध्याने त्यांचं दार केलंय ना त्याने. डोळे मिटून तळवा फिरवला. पहिल्या तीन फळ्या लोण्यासारख्या. चौथीपासून पुढे प्रत्येक फळीवर केसाएवढी उंच रेघ. पात्याची खाच तेवढं लाकूड सोडून जाते."

"म्हणजे चौथ्या फळीत..."

"खिळा होता! काकूंचा हात धरून रेघेवरून फिरवला. मग त्याला बोलावून त्याचा."

"नंबर सतरा!" आतून हाक आली.

सतरा म्हणजे शिंपीबुवाच. ते उठले, आणि मागे वळले.

"पोरी, सतरा राहू दे. भाऊ काय म्हणाला?"

"तो आता कामाला लागलाय, आजोबा! तीन दिवस माझ्या ओट्यावर बसून पातं दगडावर घासतोय. खाच जाईपर्यंत उठायचं नाही, म्हटलं."

"आणि ते दार?"

"काकूंनी उतरवून माझ्याकडे धाडलं. म्हणाल्या, आता बाईच्याच हातून होऊ दे."