टीव्हीतला भंडारा

दोष मशिनीचा न्हाय, तात्या. दोष तुमचा हाय. — असं बघू नका, बसा आधी, त्या स्टुलावर बसा, त्याचा एक पाय डुगतो, जरा भिंतीकडं सरकून बसा. तुमचा म्हंजे तुमच्या टीव्हीचा म्हणालो असं समजा हवं तर. दाजींनी, तुमच्या जावयांनी, हे गेमचं मशिन अमेरिकेच्या बंदरात घेतलं, व्हय ना? जहाजावरच्या माणसाला काय, बंदर लागलं की बाजार. पण तितला टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र काढतो आणि आपला पन्नास वेळा. आणि रंग पाठवायची तऱ्हा तर दोघांची एकदम न्यारी. ही पिवळी वायर बघा — चित्र हिच्यातनं जातं, आणि ह्या लाल-पांढऱ्यातनं आवाज. आवाज घरी नीट येतो, व्हय का न्हाय? येणारच, आवाजाला काय अडचण न्हाय. पण पिवळीतनं आलेला रंग तुमच्या टीव्हीला उमगतच न्हाय, म्हणून तो काळं-पांढरं दाखवून मोकळा होतो, आणि साठ-पन्नासचा मेळ बसत न्हाय म्हणून चित्र वर वर पळतं. खराब काय झालेलं न्हाय. नातू शंभूराज रडतोय म्हणालात — रडू द्या. न्हाय, तसं न्हाय, उठू नका, करतो. मी करत न्हाय म्हणालो का? एवढं कळसवरनं इंदापूरला आलात एसटीनं, ते पण माझ्या दुकानात. बाकीच्या दुकानांत जाऊन आला असाल आधी. — व्हय, माहीत हाय मला. तिकडं कुणाकडनं होईना म्हणून हितं.

हा जाड ट्रान्सफॉर्मर दाजींनी सोबत दिला हे मातर शहाणपण केलं. त्यांची वीज आपल्या निम्मी. थेट बोर्डात खुपसलं असतं तर धूर निघाला असता, आणि मग कुणावर नाव आलं असतं काय माहीत. घरात तरणं पोर असलं की नावाला जागा असतेच. — काय न्हाय, काय न्हाय. चहा सांगू? बरं, नको.

आता बघा, हे मी हितल्या टीव्हीला जोडलं. सरळ जोडलं, तुमच्या घरी जोडलंय तसंच. दिसतंय? पळतंय, रंग न्हाय. आता मागची ही चावी हळूच पिळायची — थांबलं. पळायचं थांबलं, रंग अजून न्हाय. रंगासाठी ही सर्किटची पट्टी. पुण्याहून आणलीय, मशिन आणि टीव्हीच्या मधी बसवायची, तिकडचा रंग इकडं समजावून सांगती. ती बसवायलाच येळ लागंल, कथलाचे डाग द्यायला लागत्यात चार ठिकाणी. तवर बसा निवांत. शंभूराजला सांगा, लई भारी मशिन हाय. बत्तीस बिटाचं. बिट म्हंजे — कसं सांगू — मेंढरांच्या वाडग्याचं दार. दार केवढं रुंद, एका दमात किती मेंढरं भाईर पडत्यात, तसं. ह्यातनं एका दमात बत्तीस भाईर पडत्यात. म्हणून ती गाडी खरी वाटती, वळणावर झाडं मागं पळत्यात. माझ्याकडं होतं त्याचं दार आठाचं. माणूस म्हंजे चार चौकोन, टोपी एक चौकोन. पण रंग होता, तात्या. ते मुंबईच्या फुटपाथवरचं नकली मशिन, कन्हेरीच्या मामानं ट्रकमधनं आणलेलं, त्याला कुणी नाव-गाव बघून घेतलं नव्हतं — पण ते आपल्या टीव्हीसाठीच केलेलं होतं, म्हणून लावलं की पहिल्या झटक्यात रंग. निळं आभाळ. मी आईला हाक मारून दाखवलं होतं ते आभाळ. आई म्हणाली, पीक काय हाय रे त्या रानात?

तुमाला नव्हतं दाखवलं. तुमी तुमच्या टीव्हीजवळ कुणाला फिरकू द्यायचा न्हाय. भावकीत पहिला रंगीत टीव्ही, थोरल्या घरी. तिन्ही भावांच्या वाटण्या झाल्या — रान वाटलं, विहिरीचे दिवस वाटले, हंडे-कळश्या वाटल्या — अँटिना तेवढा वाटला न्हाय. एकच खांब, तुमच्या दारात, आणि त्याच्यावरनं वायर तिन्ही घरांना. का? तर थोरल्याच्या अँटिनावर धाकट्यांनी बघायचं, म्हंजे कोण थोरला ते रोज संध्याकाळी ध्यानात राहतं. आणि ती वायर टीव्हीच्या मागनं काढायची न्हाय असा तुमचा हुकूम. तुमी सोताच्या हातानं काळी चिकटपट्टी गुंडाळली होती त्याच्यावर, एवढी जाड, जसं काय मोडलेल्या पायालाच बांधलीय. आता मशिन लावायचं तर त्याच भोकात लावायला पाहिजे, दुसरं भोक त्या टीव्हीला नव्हतंच. मग मी काय केलं? वायर काढली न्हाय. हुकूम म्हंजे हुकूम. मी तिला मधीच सोललं आणि मशिनीची वायर तिथंच पिळून दिली. पंधरा वर्षाचं पोर मी, मला काय ठाऊक, चित्र जसं खाली टीव्हीत जातं तसंच वरती अँटिनाकडं पण जातं, आणि तितनं दुसऱ्या घरात उतरतं! गेम ज्या चॅनेलवर भाईर पडायचा त्याच चॅनेलवर आपलं दूरदर्शन. ते कुठनं कुठनं येणार, आधीच फिकं. हे दोन हातावर. कोण जिंकणार? तुमी देवळाकडं गेला होता, मी हिकडं खेळत बसलो, आणि तिकडं धाकल्या घरी कौसल्या काकूच्या सोप्यात अख्खी आळी पिक्चर बघायला बसलेली, हिरो हिरोईनीचा हात धरतो न धरतो तवर मधीच माझा टोपीवाला उड्या मारत आला.

हसलात. आज हसलात, तात्या. त्या दिवशी पण लोक हसलेच होते, लई हसले, म्हातारी माणसं मांडीवर थापा मारून हसली. तुमचं नाव घेऊन म्हणाली, म्हस्कूच्या घरातनं माकड सुटलं. तेच तुमाला झोंबलं. मला आज कळतंय, तवा नव्हतं कळलं. थोरल्याच्या अँटिनातनं लोकांनी हसावं असं काय खाली आलं नव्हतं तवर.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमी टीव्ही लावला तर चित्रच न्हाय. मधोमध एक आडवी पांढरी रेघ. बास, झालं. पारावर बसून निवाडा केला तुमी — पोराच्या मशिनीनं टीव्हीची ट्यूब, ती पुढची काच, खाल्ली. काल तीन घरं नासवली, आज ट्यूब खाल्ली. सगळे मान हालवायला लागले. त्यांच्यातल्या एकानं कधी टीव्हीचं मागचं झाकण काढलेलं नव्हतं, पण मान हालवायला झाकण काढावं लागत न्हाय. मशिन तुमी दगडावर आपटलं ते आपटलं. त्याचं न्हाय मला काय. खरंच न्हाय. नकली माल, आज ना उद्या मोडायचाच.

ती डाग द्यायची सळई द्या जरा इकडं. तापलीय, लाकडाकडनं धरा. हां.

आणि गेणू. माझा बाप — गेणूच म्हणतो मी त्याला आता, मनात. त्यानं काय करावं? पटका काढला डोक्याचा आणि तुमच्या पायाला हात लावला. सगळ्यांदेखत. पोराची चूक पदरात घ्या म्हणाला. मी तिथंच उभा. मी ओरडत होतो की ट्यूब गेली असती तर रेघ तरी कुठनं दिसली असती? काचच तर उजेड पाडती, रेघ पडतीय म्हंजे काच जिती हाय! पंधरा वर्षाच्या पोराला कळत होतं ते. तुमी म्हणालात, बघा, वरनं शिकवतंय. मग शिक्षा काय, तर दिवाळीनंतर धाकल्या काकांची मेंढरं कोकणात उतरणार, तेंच्या मागं ह्याला धाडा, डोकं ठिकाणावर येईल. बापानं व्हय म्हणलं. आईनं दशम्या बांधल्या. मी दहावीत होतो, तात्या. ते कुणाला आठवलंच न्हाय पारावर. का आठवलं होतं?

— न्हाय, बोलू नका. नका बोलू, कामावरनं ध्यान उडतंय. डाग नीट बसला पाहिजे.

आता रंग बघा. आला का? आला! ते बघा आभाळ, ती लाल गाडी. तुमच्या नातवाचं काम झालं. घरच्या टीव्हीवर असंच दिसंल, मागची चावी तेवढी पिळायची, मी चिठ्ठीवर खूण करून देतो. बघा की नीट. जवळ या, हात लावा, काय होत न्हाय. — टीव्ही कुठला विचारताय? जुना दिसतोय खरा. हे पिवळं भोक त्याला नव्हतं, मी पाडलंय मागं. लाकडी पेटी हाय, आता अशा येत न्हाईत. ह्या अंगाला बघा, खालच्या कोपऱ्यात. कुंकवाचं स्वस्तिक. पुसट झालंय. मी घासलं न्हाय ते, मुद्दाम.

ओळखलात?

भंगारवाला घेऊन आला होता. मी कोकणातनं आलो, शाळेचा रस्ता परत धरायला तोंड न्हवतं, हितं म्हाताऱ्या मालकाकडं चिकटलो, आणि एक दिवस हातगाडीवर हाच. तुमी भंगारात घातलेला. मी झाकण काढलं. तात्या, मी आजपर्यंत किती टीव्ही उघडले, आत काय काय निघतं — पाली, झुरळं, एकाच्यात चिमणीचं घरटं. ह्याच्यात भंडारा निघाला. पिवळाधमक. ओंजळभर. थांबा, ती खिळ्याला टांगलेली पट्टी काढतो — ही. ही ह्या टीव्हीतली मूळची सर्किटची पट्टी. धरा. वास घ्या. अजून हळदीचा वास येतोय का न्हाय? त्या साली खंडेनवमीला तुमी कोयतं मांडलं, पाण्याची मोटार मांडली, नांगराचा फाळ मांडला, आणि मधोमध टीव्ही मांडला. सगळ्यांच्या वर. येळकोट केला आणि मुठीमुठीनं भंडारा उधळला. मागच्या जाळीतनं सगळा आत. वरनं नारळ फोडून पाणी शिंपडलं ओंजळीनं. तुमाला वाटलं, देव झाला टीव्ही. आणि आत ते नारळाचं पाणी ह्या तांब्याच्या रेघांवर बसलं, हळदीत भिजत राहिलं, दिवाळीपर्यंत रेघा हिरव्या पडून तुटल्या. हे बघा, हितं. चित्र उभं ताणून धरणारा भागच मेला, म्हणून सगळं चित्र मधी गोळा होऊन एक रेघ. ट्यूबला धक्का न्हाय. ही पट्टी बदलली, टीव्ही लागला. तीच ट्यूब. तुमचा शंभूराज घरी जी गाडी पळवणार ती आता जिच्यावर पळतीय, ती हीच.

मी काय देवाला शिव्या देत न्हाय. उधळा की भंडारा. पण झाकण घालून उधळायचा होता, येवढंच.

मी ही पट्टी घेऊन घरी गेलो होतो. बापाला दाखवली. त्यानं हातात पण घेतली न्हाय. थोरला बोलला त्येच खरं, म्हणाला, आता उकरू नको. रानाकडं निघून गेला. अजून तो रेडिओ सुद्धा माझ्या हातनं दुरुस्त करून घेत न्हाय, माहीत हाय? इंदापुरात दुसरीकडं देतो. पोरानं हात लावला की वस्तू जळती, असं त्याच्या डोक्यात बसलंय. तुमी बसवलंय. आणि ते माझ्यानं निघत न्हाय, तात्या, कितीही टीव्ही लागले तरी न्हाय. ते फकस्त तुमच्यानं निघंल. म्हणून ही पट्टी हितं टांगून ठेवली. कधीतरी तुमी याल म्हणून. गेम घेऊन याल असं न्हवतं वाटलं. आलात ते पण बरंच.

मला माफी नको. तुमचा थोरपणा नको घटायला. घरी गेल्यावर, जेवायच्या आधी, बापाला येवढंच म्हणा — गेणू, टीव्ही पोरानं जाळला नव्हता. बास. बाकी काय नको. पारावर पण नको, घरात म्हणा. दार लावून म्हणा. म्हणाल?

तात्या?

पट्टी खाली ठेवा, घाम लागतोय तिला.

म्हणाल का?

— बरं. बरं, पिशवी धरा उघडी. हे मशिन, ही वायर, हा ट्रान्सफॉर्मर, आणि ही नवी पट्टी, हिची ओढाताण करायची न्हाय. शेवटची एसटी पाचाला हाय, उभं राहावं लागंल, साखर कारखान्याची माणसं भरत्यात तिच्यात. निघा.

काय?

न्हाय, परत बोला, ऐकलं न्हाय मी नीट.

— ह्या मशिनीनं घरची ट्यूब जाईल का, विचारताय.

...न्हाय जात, तात्या. ट्यूब जात न्हाय. तवाही गेली नव्हती. माझी दहावी गेली, आणि बाप गेला, जिता, घरात बसून. न्या पिशवी. दार ओढून घ्या जाताना.