आठव्या प्रकरणाची प्रुफं

मुलगी : करवाणि, स्वल्पविराम. करवाव, स्वल्पविराम. करवाम, पूर्णविराम.

बाबा : करवाणिचा णि ऱ्हस्वच छापलाय ना? डोळे गेलेत माझे, कान अजून शाबूत आहेत.

मुलगी : ऱ्हस्वच आहे. संपलं तुमच्या व्याकरणाचं आठवं प्रकरण. 'मी करू', 'आपण जाऊ या', संस्कृतातले असले उत्तमपुरुषाचे सगळे प्रयोग एका जागी आले, बाबा. सहा वर्षं उदाहरणांची कार्डं जुळवत होते मी.

बाबा : झकास झालंय. आता प्रस्तावना वाच. ती तू पाहिलेली नाहीस.

मुलगी : दादाकडून लिहून घेतलीत ना? बघू. 'आज्ञार्थाच्या उत्तमपुरुषाचे आठवे प्रकरण माझ्या चिरंजीवांनी सिद्ध केले, पूर्णविराम. कन्येने कार्डे सुवाच्य अक्षरात लिहून दिली, पूर्णविराम.'

बाबा : थांबलीस का?

मुलगी : पूर्णविराम होता.

बाबा : हे बघ, कॉलेजात त्याची बढती अडलीय. नावावर काही छापलेलं नाही म्हणून.

मुलगी : आणि सोमवारी माझी मुलाखत आहे. हंगामी शिकवता शिकवता केस पिकले माझे. अर्जात मी हे प्रकरण माझं म्हणून लिहिलंय. खोटारडी ठरेन मी तिथे.

बाबा : पुढच्या आवृत्तीत घालू की तुझं नाव.

मुलगी : तुम्ही ब्याऐंशीचे, मी सत्तेचाळीसची. कुठली पुढची आवृत्ती?

बाबा : जीभ आवर. घरातलं काम घरातच राहिलं ना? तो काय परका आहे?

मुलगी : परकी मी आहे. कळायला लागल्यापासून तुमच्यापुढे उभी राहून विचारतेय, मी शिकू का, मी जाऊ का, मी हे करू का. दादाने कधी विचारलंच नाही, त्याला सगळं आयतं मिळत गेलं. निदान हे एवढं तरी...

बाबा : रडतेस काय? उद्या प्रुफं छापखान्यात जायचीत.

मुलगी : रडत नाहीये. राग आलाय मला तुमचा. अगदी मनापासून आलाय. ती ओळ बदला.

बाबा : त्याला शब्द दिलाय मी.

मुलगी : (चष्मा काढून डबीत ठेवत) मग उरलेली प्रुफं त्याच्याकडूनच वाचून घ्या.

बाबा : वेड लागलंय का तुला? त्याला यातली संस्कृतची एक ओळ तरी धड वाचता येते का?