दारातले बावीस जोड

...आणि वर मलाच बोल लावतात! अहो, प्रवासात जेवायची जागा निवडण्यात माझा हात धरणारा माणूस या अख्ख्या किनाऱ्यावर सापडायचा नाही! एकदा माझ्या निवडीवर जेवलेले नऊ जण एकाच वॉर्डात ओळीनं सलाईन लावून पडले होते, तेवढं सोडा. म्हणजे दहा. दहावा मी. पण पद्धत चुकीची नव्हती हो! पद्धत साधी. पाटी वाचायची नाही, एक तर मी सातवी, तीही दोनदा बसून. वास घ्यायचा नाही, वास फसवतो. दारात चपला किती आहेत ते बघायचं. त्या दिवशी त्या शेजारच्या दवाखान्याच्या निघाल्या, त्याला मी काय करू? तुम्हाला सांगतो, दारातल्या चपला खोटं बोलत नाहीत!

तर आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी, जुनी स्कूटर, निघालो धाकट्या मेहुणीकडे. एका बाजूला समुद्र, एका बाजूला माड, आणि डोक्यावर ऊन असं की हेल्मेटात भात शिजेल. हिला साखरेचा आजार. जेवणाआधी पोटात सुई टोचायची आणि अर्ध्या तासात जेवायचं म्हणजे जेवायचंच, नाहीतर साखर उतरते, माणूस घामाघूम होतो, आणि मग... जाऊ दे. पर्समध्ये चार गोड गोळ्या असतात, अडीअडचणीला. असतात म्हणजे, असायच्या. सकाळी त्या मीच खाल्ल्या आणि कागदात खडे गुंडाळून ठेवले. गंमत हो! चाळीस वर्षांत हिनं निदान चारशे खडे तरी चावले असतील!

वळणावर मला लांबून खानावळ दिसली. म्हटलं, "टोच सुई!" ही म्हणाली, "अहो, आधी चालू आहे का बघा." मी म्हटलं, "दारात चपलांचा ढीग दिसतोय मला इथून!" टोचली बिचारीनं.

आणि होत्याच की चपला! बावीस जोड. भिंतीच्या कडेनं, टाचा भिंतीला, अंगठे समुद्राकडे, एका रेषेत. आता मला सांगा, असा बावीस जोडांचा मळा बघून माझ्यासारख्याचे हात शिवशिवणार नाहीत? मी लग्नाकार्यात अर्ध्या गावाला दुसऱ्याच्या चपलेत घरी पाठवलेला माणूस! ही सावलीत टेकली तेवढ्यात मी ह्याची डावी त्याला, त्याची उजवी ह्याला... दोन मिनिटांत सगळा खिमा! आमच्या दोघांच्या चपला मात्र पिशवीत घालून काखेत. चोराला चोराचीच भीती!

हसत हसत आत शिरलो, आणि आत कुणी नाही.

कुणी म्हणजे कुणी नाही हो! लांबलचक बाकं, त्यांच्यापुढे बावीस ताटं पालथी, वर पंखा फिरतोय, तोही आवाज न करता. मासळीची खानावळ, आणि माशी नाही! एक माशी दाखवा म्हटलं तर नाही! मनात म्हटलं, माणसं हात धुवायला गेली असतील. बावीसच्या बावीस एकदम? का नाही? दारातल्या चपला खोटं बोलत नाहीत!

मागून बाई आली. खानावळवाली, पन्नाशीची, पदर खोचलेला. हसली, "बसा हं. चपला बघून येते, मग वाढते." जितके जोड तितकी ताटं, हा तिचा हिशेब. दारात गेली... आणि थांबली. परत आली तेव्हा हसू नव्हतं.

"ओळ कुणी मोडली?"

मी छताकडे बघितलं. पंखा चांगला होता.

"ओळ लागल्याशिवाय भांडं उघडत नाही, आजोबा."

मी म्हटलं, "अहो ताई, गंमत केली. हिला औषध टोचलंय, हिला आधी वाढा, मग मी ओळ काय, रांगोळी काढून देतो!" आणि पुढं होऊन भाताच्या झाकणाला हात घातला. तिनं वरून आपला हात ठेवला. तुम्हाला सांगतो, चुलीपुढच्या बाईचा हात... बर्फ! ओला बर्फ! मी झाकण सोडलं. मागं ही बाकावर बसलेली, कपाळावर घाम, पर्समधून गोळी काढून कागद सोडतेय... खडा! हिनं खड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बोट थरथरत होतं, खडा टुणकन खाली पडला, तेवढाच आवाज त्या खोलीत.

धावलो बाहेर! सत्तरीचा माणूस फरशीवर रांगतोय आणि बाई वरून सांगतेय, "तो टाचेला बाहेरून झिजलेला, त्याला तारेनं बांधलेल्याच्या उजवीकडे. तो लंगडतो. हा कोरा त्याच्या भावाचा, तो जपून चालतो. तो अंगठा तुटलेला तांडेलाचा, होडी तोच हाकतो." चालतो. हाकतो. मी म्हटलं, "सगळे गेलेत कुठं?" म्हणाली, "पहाटे होडी काढली. होडीत चपला घालत नाहीत ना, इथं ठेवून जातात. जेवायला येतील."

पहाटे? बरं, पहाटे! पण मी चपला उचलत होतो ना, तर खालची फरशी गडद. पावलांच्या आकाराची. बाकी सगळी उन्हानं पांढरीफटक. मला काय, सोय झाली, ज्या डागात जो बसेल तो घातला! पण दगड असा पांढरा पडायला किती पहाटा लागतात हो? तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच सांगा!

आणि एक जोड ओला. आतून. भर बाराच्या उन्हात! मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांनी उचलला. "हा ओला कसा?"

"तो रोज ओला असतो," बाई म्हणाली. "द्या इकडे, तो मी लावते."

बावीस लागले. आत पळणार तर, "तुमचे?" म्हटलं, "आमचे पिशवीत." "चपला नाहीत तर ताट नाही." आतून आवाज आला, "अहोऽ..." असा बारीक, विहिरीतून आल्यासारखा. काढल्या! माझ्या ठेवल्या, शेजारी हिच्या ठेवल्या, त्या ओळीत, अंगठे समुद्राकडे. घाईत वाकड्या पडल्या, दोनदा सरळ कराव्या लागल्या.

मग तिनं वाढलं. पहिला घास हिला मी भरवला, हो, लाजायचं काय! दहा घासांनी हिच्या बोटाची थरथर थांबली, पंधराव्याला ही म्हणाली, "मीठ बरोबर आहे." तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. आणि मान वर केली तर बाई प्रत्येक रिकाम्या जागेपुढं वाकून विचारतेय, "भात?" मग थांबते, ऐकते. एका ताटात वाढते. दुसऱ्यापुढं म्हणते, "पुरे? बरं." बावीस ताटांतून वाफ! मी जन्मभर जेवताना बडबडलो, तिथं मात्र पाणीसुद्धा आवाज न करता प्यालो. शेजारचा दचकेल म्हणून!

निघताना आमच्या चपला उचलल्या. बाईनं लगेच ओळ चाचपली, एक टाच बोटभर सरकवली, आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. आमच्याकडे वळून बघितलं नाही.

स्कूटर चालली. पाच किलोमीटर, दहा किलोमीटर, मागची बाजू गप्प. मी माणूस असा की गप्प बसलो तर फुटेन. म्हटलं, "काय मग? निवड कुणाची? जेवण फर्स्टक्लास होतं की नाही? दारातल्या चपला..."

तेव्हा ही बोलली. रागावून नाही हो, संध्याकाळी भाजी काय करू विचारावं, तशी.

"अहो, मी आज तिथंच गेले असते, तर माझी चप्पल कुणाच्या जोडीला लावली असती तुम्ही?"