सुनेची अन् सासऱ्याची एकच गोळी

सोनोग्राफीच्या दवाखान्यात रूपा आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. तेवढ्यात मेडशीच्या भागिरथाबाई गरोदर सुनेला, पल्लवीला, तपासून घेऊन बाहेर आल्या आणि दोघी रूपाशेजारी टेकल्या.

"आयकलं ना आत्याबाई? बाळाले रक्त आता बराबर पोचून राह्यलं," पल्लवी सासूला म्हणाली.

"त्या बारक्या गोयीनं?"

"हो! अन् तुमी तं लपवून ठेवली होती."

"मंग का करू? तुह्या सासऱ्याची हार्टची गोयी ते! मले वाटलं, दुकानवाला चुकला. पोटुशीले कायले पायजे बुढ्याची गोयी?"

"तेच गोयी रक्त पातळ करून बाळाले पोचवते, असं डॉक्टरीनबाईनं सांगतलं तवा पटलं तुमाले."

"अन् बुढ्याले? म्या हात जोडून द्याव, तं तो कोंबड्यायपुढं फेके."

"आता तं जेवन झालं का मामाजीच हाका मारतात, 'सूनबाई, आन आपल्या दोघाईच्या गोया!'"

"एकट्यानं घेतली का बिमार असल्यावानी वाटे म्हने. आता नातवंडाच्या जोडीनं घेतो म्हने."

रूपाला हसू आवरेना. भागिरथाबाई तिच्याकडे वळल्या.

"हास बाई, हास. एका गोयीनं लेकराले रक्त पोचलं, अन् बुढ्याले अक्कल!"